खाज थांबली, पण बुरशी गेली का?

पावसाळा सुरू झाला की एक न बोलावलेला पाहुणा अनेकांच्या अंगावर मुक्कामाला येतो. मानेवर, कमरेला, मांडीवर किंवा जांघेत एक लहानसा तांबूस ठिपका उठतो. तो खाजतो. आठवड्याभरात त्याचे वाटोळे कडे होते. कड्याची किनार लाल व खवलेदार असते आणि मधला भाग मात्र बराचसा स्वच्छ दिसतो. यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. मग घरातली एखादी जुनी ट्यूब शोधली जाते, नाहीतर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून 'खाजेचे मलम' आणले जाते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि ट्यूब बाजूला पडते. पंधरवड्याने पाहावे, तर तेच कडे पहिल्यापेक्षा मोठे होऊन परत आलेले असते आणि शेजारी आणखी दोन उठलेली असतात.

असे का व्हावे? औषध खोटे होते काय? बहुतेक वेळा तसे नसते. खाज थांबणे आणि रोग बरा होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरलेलो असतो. हा फरक नीट समजण्यासाठी प्रथम या पाहुण्याची ओळख करून घेऊ.

पाहुणा कोण?

गजकर्ण हा किड्यामुळे होत नाही, रक्त 'खराब' झाल्यामुळे होत नाही आणि 'उष्णतेने'ही होत नाही. तो बुरशीमुळे होतो. बुरशीला शास्त्रीय भाषेत कवक म्हणतात. शिळ्या भाकरीवर, ओल्या चामड्यावर, लोणच्याच्या बरणीत वाढणारी बुरशी तुम्ही पाहिलेलीच आहे. तिच्याच मोठ्या कुळातील काही जाती माणसाच्या त्वचेवर राहतात.

माणसाच्या एखाद्या रोगाचे कारण बुरशी आहे हे ज्यांनी प्रथम दाखवून दिले, त्यांत डेव्हिड ग्रूबी यांचे नाव महत्त्वाचे आहे. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या या वैद्याने १८४१ साली डोक्याच्या त्वचेवरील एका रोगाच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्याला त्यांत बुरशीचे तंतू दिसले. रोग जंतूंमुळे होतात हे पाश्चर आणि कॉख यांनी जगाला पटवून देण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आपल्या त्वचेवर त्रास देणाऱ्या बुरशींचे ढोबळ मानाने दोन गट पडतात.

पहिला गट तंतूंच्या रूपात वाढणाऱ्या बुरशींचा. यांचे खाद्य म्हणजे केरॅटिन नावाचे प्रथिन. आपल्या त्वचेचा अगदी वरचा मृत थर, केस आणि नखे ही याच प्रथिनाची बनलेली असतात. ही बुरशी जिवंत पेशींत सहसा शिरत नाही. वरच्या मृत थरातच चरत राहते. बी पेरावे तशी ती एका बिंदूपासून वाढू लागते आणि चहूबाजूंनी सारख्या वेगाने पसरते, म्हणून तिचे वर्तुळ होते. मधल्या भागात शरीराच्या संरक्षक पेशींनी तिला मागे हटवलेले असते. ताजी, वाढती बुरशी असते ती किनारीवर. ही गोष्ट लक्षात ठेवा. मलम कुठे लावायचे हे ठरवताना तिचा उपयोग होणार आहे. अंगावरचे गजकर्ण, जांघेतील नायटा, डोक्यातील चाई पाडणारे काही डाग आणि नखे पिवळी, जाड व ठिसूळ करणारा रोग हे बरेचसे याच गटाचे काम. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांतही हीच बुरशी पुष्कळदा सापडते.

दुसरा गट किण्वांचा, म्हणजे यीस्टचा. पाव फुगवणारे यीस्ट तुम्हाला ठाऊक आहे. त्याचीच दूरची भावंडे आपल्या अंगावर राहतात. कँडिडा हे यीस्ट निरोगी माणसाच्याही तोंडात व आतड्यात थोड्या प्रमाणात असते. संधी मिळाली की ते वाढते. मग तान्ह्या मुलाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसतो, लंगोट ओला राहिल्यामुळे मांड्यांच्या सांध्यात लाल चट्टे उठतात, स्त्रियांच्या जननमार्गात खाज सुटते व पांढरा स्राव जातो. मॅलॅसेझिया हे दुसरे यीस्ट जवळजवळ प्रत्येकाच्या त्वचेवर असते. घाम आणि तेलकटपणा वाढला की त्यामुळे छाती, पाठ व मानेवर फिकट किंवा तपकिरी ठिपके पडतात. यांना आपण शिबे म्हणतो.

शिब्यांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. हे पांढुरके ठिपके पाहून पुष्कळ घरांत 'कोड फुटले' म्हणून घबराट उडते. शिबे म्हणजे कोड नव्हे. शिबे खरवडले की त्यांवर बारीक कोंडा सुटतो आणि ते औषधाने बरे होतात. मात्र बुरशी मेल्यावरही त्वचेचा मूळ रंग परत यायला काही महिने लागतात. या काळात औषध लागू पडले नाही असे समजून नवनवी औषधे लावीत बसू नये.

आपले दूरचे नातेवाईक

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. घसादुखीवर किंवा गळवावर दिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या गजकर्णावर का चालत नाहीत?

पेनिसिलिन जीवाणूंना मारते, कारण ते जीवाणूच्या पेशीभित्तीच्या बांधणीत अडथळा आणते. तशी भित्ती आपल्या पेशींना नसतेच. म्हणून पेनिसिलिन आपल्याला सहसा अपाय करीत नाही. परंतु बुरशीची भित्ती वेगळ्याच द्रव्यांची असते. शिवाय पेनिसिलिन हे मुळात एका बुरशीनेच तयार केलेले द्रव्य आहे. त्याने बुरशी कशी मरावी? उलट, अशा गोळ्या विनाकारण घेतल्या तर तोंडातले व आतड्यातले निरुपद्रवी जीवाणू मरतात आणि त्यांच्या धाकाने गप्प बसलेल्या कँडिडाला मोकळे रान मिळते.

बुरशीला मारणे कठीण आहे याचे आणखी खोल कारण तिच्या कुळात आहे. जीवाणूच्या पेशीत केंद्रक नसते. बुरशीच्या पेशीत असते आणि आपल्याही पेशीत असते. जीवसृष्टीच्या वंशवृक्षात बुरशी ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळची आहे. म्हणजे शत्रू आपलाच दूरचा चुलतभाऊ निघाला! त्याला विष घालायचे, तर ते आपल्यालाही बाधण्याची भीती. म्हणून जीवाणूंविरुद्ध औषधे पुष्कळ आणि बुरशीविरुद्ध थोडी, अशी स्थिती आहे.

तरीही चुलतभावांत काही फरक असतोच. पेशीच्या बाह्य पटलाला बळकटी देण्यासाठी आपल्या पेशी कोलेस्टेरॉल वापरतात, तर बुरशी एर्गोस्टेरॉल नावाचे त्याच्यासारखेच पण थोडे निराळे द्रव्य वापरते. आज आपण वापरतो त्यांपैकी बहुतेक बुरशीविरोधी औषधे या एका फरकावर उभी आहेत.

मातीतून आलेली औषधे

या औषधांची कथा मोठी मनोरंजक आहे. १९३९ साली लंडनमधील संशोधकांनी पेनिसिलियम कुळातल्याच एका बुरशीतून ग्रिझिओफुल्विन हे द्रव्य वेगळे केले. ते बुरशीच्या पेशींचे विभाजन अडवते. पण त्याचा औषध म्हणून उपयोग कळायला जवळजवळ वीस वर्षे लागली. १९५८ साली ग्लासगो येथे जेंटल्स या संशोधकाने गिनीपिगांना ते पोटातून देऊन त्यांच्या त्वचेवरचा रोग बरा करून दाखवला. पोटात घेतलेले हे औषध नव्याने तयार होणाऱ्या केरॅटिनमध्ये जाऊन बसते. नवा थर बुरशीला खाता येत नाही आणि जुना थर गळून पडतो.

१९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी निस्टॅटिन हे औषध जाहीर केले. एक न्यूयॉर्क शहरात, तर दुसरी ऑल्बनी येथे काम करीत असे. मातीतील सूक्ष्मजीवांचे नमुने व त्यांचे अर्क त्या एकमेकींना टपालाने पाठवीत. औषध देणारा सूक्ष्मजीव सापडला तो हेझन यांच्या एका स्नेह्याच्या शेतातल्या मातीत. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून औषधाचे नाव ठेवले गेले आणि त्यातून मिळालेले स्वामित्वधन दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले. निस्टॅटिन बुरशीच्या पटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पटलाला छिद्रे पाडते. पेशीतील द्रव्ये बाहेर गळतात व ती मरते.

या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीव तपासीत होते. १९६१ च्या सुमारास त्यांनी 'हॅमायसिन' हे निस्टॅटिनच्याच जातीचे बुरशीविरोधी द्रव्य शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे ठेवण्यात आले. पिंपरीचे नाव असे शास्त्राच्या यादीत जाऊन बसले! याच प्रयोगशाळेने पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे द्रव्यही दिले.

याच जातीचे अँफोटेरिसिन बी हे औषध शरीराच्या आत शिरलेल्या प्राणघातक बुरशीवर शिरेतून देतात. २०२१ साली कोविडच्या साथीत 'काळी बुरशी' म्हणून गाजलेल्या म्यूकरमायकोसिसच्या वेळी याच औषधाचा तुटवडा पडला होता. ते थोड्याफार प्रमाणात आपल्या कोलेस्टेरॉललाही चिकटते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. चुलतभावाला मारणे कठीण असते, ते असे.

पुढे प्रयोगशाळेत बनवलेली औषधे आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्लोट्रिमॅझोल व मायकोनॅझोल पुढे आली. नंतर कीटोकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल अशी भावंडे निघाली. ही 'ॲझोल' मंडळी एर्गोस्टेरॉल बनवण्याच्या कामातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतात. १९९० च्या दशकात प्रचारात आलेले टर्बिनाफिन त्याच साखळीतील आणखी आधीचे विकर बंद पाडते. कारखान्याची साखळी कुठेही तोडली तरी माल तयार होत नाही, तसेच हे.

या माहितीतून पहिला व्यवहारी धडा मिळतो. सगळ्या बुरशींना एकच औषध चालत नाही. निस्टॅटिन कँडिडावर चालते, गजकर्णावर नाही. ग्रिझिओफुल्विन गजकर्णाच्या बुरशीवर चालते, पण कँडिडावर किंवा शिब्यांवर नाही. टर्बिनाफिनच्या गोळ्या शिब्यांवर निरुपयोगी ठरतात. तेव्हा 'अमक्याला बरे वाटले' म्हणून त्याची ट्यूब आपण लावणे म्हणजे दुसऱ्याची किल्ली आपल्या कुलपाला लावून पाहणे होय.

पहारेकऱ्याला झोपवणारे मलम

आता त्या फसव्या ट्यूबकडे वळू. 'खाज, गजकर्ण, इसब सर्वांवर एकच' अशी ख्याती असलेल्या मलमांत पुष्कळदा तीन-चार औषधे एकत्र असतात. एक बुरशीवर, एक जीवाणूंवर आणि तिसरे म्हणजे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टेरॉइडांची नावे आहेत. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमॅझोल ही नावे कानाला सारखी वाटली, तरी पहिले स्टेरॉइड आहे आणि दुसरे बुरशीविरोधी. नावाच्या शेवटी 'झोल' आहे एवढ्यावरही विसंबू नये; आम्लपित्तावरचे ओमेप्रॅझोल हे काही बुरशीचे औषध नव्हे.

स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असे समजू नका. इसबासारख्या काही रोगांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते फार उपयोगी पडते. परंतु त्याचे काम कोणते, ते पाहा. लाली, सूज व खाज ही शरीराच्या संरक्षक पेशी शत्रूशी लढत असल्याची लक्षणे आहेत. स्टेरॉइड ही लढाईच थांबवते. चोर घरात असताना पहारेकऱ्याला झोपेचे औषध द्यावे, तसे हे आहे. आरडाओरडा बंद होतो, घरच्यांना शांत वाटते आणि चोराला रात्रभर मोकळीक मिळते. मलम थांबवले की पहारेकरी जागा होतो, आणि तोवर चोर चार खोल्यांत पसरलेला असतो.

स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णाचे रूपही बदलते. नेहमीचे कडे अस्पष्ट होते आणि अनुभवी डॉक्टरही चकू शकतात. १९६८ साली इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन करून या प्रकाराला 'वेषांतर केलेला नायटा' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. शिवाय बरेच दिवस लावल्यास त्वचा पातळ होते. जांघेत व काखेत फाटल्यासारखे पांढरट पट्टे उमटतात आणि ते पुन्हा जात नाहीत. चेहऱ्यावर लावल्यास मुरमे येतात, चेहरा लाल राहतो. 'गोरे होण्यासाठी' अशी मलमे चेहऱ्याला फासणे हा तर शुद्ध अविचार आहे. भारत सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत केला, तो याच कारणाने.

म्हणून तुम्हा विद्यार्थ्यांना एक सोपे काम सांगतो. घरात असलेल्या प्रत्येक मलमाच्या ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचा. व्यापारी नाव मोठे असते, खरी औषधे लहान अक्षरांत असतात. त्यांत वर दिलेल्यांपैकी एखादे स्टेरॉइड आढळले, तर ती ट्यूब डॉक्टरांना विचारल्याशिवाय गजकर्णावर लावू नये, हे घरच्यांना समजावून सांगा.

चार आठवड्यांचे गणित

दुसरी चूक म्हणजे औषध लवकर थांबवणे. आपल्या त्वचेत सर्वांत खाली नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, मरतात आणि शेवटी कोंड्याच्या रूपाने गळून पडतात. या साऱ्या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. बुरशी असते ती वरच्या मृत थरात. डाग दिसेनासा झाला तरी या थरात काही तंतू व बीजाणू शिल्लक असतात. सगळा जुना थर गळून जाईपर्यंत औषधाचा पहारा हवा. म्हणूनच डॉक्टर सहसा दोन ते चार आठवडे आणि डाग गेल्यावरही आणखी काही दिवस औषध चालू ठेवायला सांगतात.

नखांचा हिशेब आणखी लांबचा आहे. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पायाचे नख त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. पायाच्या अंगठ्याचे नख १८ मिलिमीटर लांब असेल, तर ते संपूर्ण नवे यायला किती महिने लागतील? भागाकार करा, बारा महिने. म्हणजे औषध उत्तम लागू पडले तरी नख स्वच्छ दिसायला वर्ष जाणार. पंधरा दिवसांत गुण येत नाही म्हणून हताश होणारा माणूस औषधावर नव्हे, गणितावर रुसलेला असतो.

अर्धवट उपचारांची किंमत

अर्धवट उपचारांचा तोटा एका माणसापुरता राहत नाही. बुरशीच्या लक्षावधी पेशींत एखादीत योगायोगाने असा बदल झालेला असतो की औषध तिच्या विकरावर नीट बसत नाही. कुलपाचा आकार थोडा बदलला की किल्ली फिरत नाही, तसे. अपुऱ्या औषधाने बाकीच्या पेशी मरतात आणि ही चिवट पेशी उरते. तिचीच संतती वाढते. डार्विनने सांगितलेली निवड आपल्याच मांडीवर चालू होते!

ही नुसती कल्पना नाही. गेल्या काही वर्षांत भारतात बरे न होणाऱ्या, अंगभर पसरणाऱ्या गजकर्णाचे रुग्ण फार वाढले. त्याला कारण असलेल्या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. तिच्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण टर्बिनाफिन ज्या विकराला पकडते त्याच्याच जनुकात बदल झालेला आहे. ही बुरशी आता इतर देशांतही पोहोचली असून २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील दोन रुग्णांत ती आढळल्याची नोंद झाली. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर आणि अर्धवट उपचार यांनी तिला हातभार लावला, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. आपल्याकडे बुरशीविरुद्धची शस्त्रे मुळातच थोडी. त्यांतले एक बोथट झाले तर दुसरे चटकन मिळत नाही.

औषध कसे वापरावे?

१. प्रथम निदान. प्रत्येक गोल डाग गजकर्ण नसतो. इसब, सोरायसिस आणि कुष्ठरोगाचे काही डागही त्यासारखे दिसू शकतात. डाग बधिर असेल, तेथे टाचणी टोचलेली कळत नसेल, तर ताबडतोब सरकारी दवाखान्यात दाखवावे. शंका असल्यास डॉक्टर डागाच्या किनारीवरचा कोंडा खरवडून घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अल्कलीने केरॅटिन विरघळते आणि बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. तपासणी साधी, स्वस्त आणि न दुखणारी आहे.

२. जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. मग मलमाचा पातळ थर डागावर आणि डागाबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावा. वाढती बुरशी किनारीवर असते, हे आठवा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढी मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. जाड थापल्याने गुण लवकर येत नाही. लावल्यावर हात साबणाने धुवावेत.

३. डोक्यातील व बहुतेक नखांतील बुरशीला नुसते मलम पुरत नाही, कारण ते केसांच्या मुळांपर्यंत किंवा नखाखाली पोहोचत नाही. तेथे पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात.

४. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. त्यांतील काहींचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. कीटोकोनॅझोलच्या गोळ्यांनी यकृताला गंभीर इजा झाल्याचे आढळल्याने २०१३ साली अमेरिका व युरोपात त्यांच्यावर कडक निर्बंध आले. कावीळ होऊन गेली असेल, गरोदरपण असेल, रक्त पातळ करणारी, हृदयविकाराची, मधुमेहाची वा इतर औषधे चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. गोळ्या घेताना लघवी गडद होणे, डोळे पिवळे होणे, मळमळ किंवा अंगावर पुरळ दिसल्यास थांबून लगेच दाखवावे.

५. जेवणाचाही संबंध असतो. ग्रिझिओफुल्विन तेलातुपाच्या जेवणाबरोबर अधिक शोषले जाते. इट्राकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूलला जठरातील आम्ल लागते. आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतली तर ती पुरेशी शोषली जात नाही.

६. बिब्बा, रुईचा चीक, बॅटरीतील आम्ल, रॉकेल असले जालीम उपाय करू नयेत. त्यांनी त्वचा भाजते आणि भाजलेल्या जागी जीवाणू शिरतात.

७. मुलींनी जननमार्गातील खाज वा स्राव लाज वाटून लपवू नये. आईला किंवा डॉक्टरीणबाईंना सांगावे. असा प्रत्येक त्रास कँडिडाचाच असतो असे नाही. म्हणून न दाखवता औषध आणू नये.

८. बुरशी पुन्हापुन्हा होत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेहात कँडिडाचे विशेष फावते. दम्यासाठी स्टेरॉइडचा फवारा ओढणाऱ्यांनी नंतर चूळ भरावी, म्हणजे तोंडात कँडिडा वाढत नाही.

ओल तोडा

औषधाइतकेच महत्त्व कोरडेपणाला आहे. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या, काखा व जांघा नीट पुसा. ओले मोजे व दमट गणवेश अंगावर ठेवू नका. पावसाळ्यात बंद बुटांपेक्षा उघड्या चपला बऱ्या. आतले कपडे सुती व सैल असावेत, रोज गरम पाण्यात धुवावेत, उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवावी. टॉवेल, कंगवा, टोपी एकमेकांची वापरू नये. कमरेचा करगोटा, हातातले गंडे-दोरे सतत ओले राहतात आणि बुरशीला आसरा देतात. उपचार चालू असेपर्यंत ते काढून ठेवलेले बरे. घरात एकाहून अधिक जणांना गजकर्ण असेल, तर सर्वांचे उपचार एकाच वेळी व्हावेत. नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. कुत्र्या-मांजरांची पिल्ले आणि वासरे यांच्या अंगावर केस गेलेले चट्टे असतील, तर त्यांनाही पशुवैद्याला दाखवावे.

शिक्षकांना एक विनंती. गजकर्ण झालेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवू नये किंवा चिडवू देऊ नये. योग्य उपचार सुरू झाल्यावर त्याला शाळेत येण्यास हरकत नसते. लाजेने लपवलेला डाग हाच सर्वांत जास्त पसरतो.

करून पाहा

पावाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक उन्हात कडकडीत वाळवा. दुसऱ्यावर पाण्याचे थोडे थेंब शिंपडा. दोन्ही तुकडे काचेच्या दोन कोरड्या बाटल्यांत घालून झाकणे घट्ट लावा व सावलीत ठेवा. आठवडाभर रोज बाहेरूनच पाहा आणि वहीत नोंद करा. बाटल्या उघडू नका, वास घेऊ नका. प्रयोग संपल्यावर बुरशी आलेली बाटली तशीच टाकून द्या. कोणत्या तुकड्यावर बुरशी आधी आली? का?

आता पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहा. (१) गजकर्णाचे कडे गोल का असते? (२) बुरशीविरोधी औषधे जीवाणूविरोधी औषधांपेक्षा थोडी का? (३) एका मलमाने दोन दिवसांत खाज थांबली, पण रोग वाढला. त्या मलमात कोणते द्रव्य असावे? (४) डाग दिसेनासा झाल्यावरही औषध चालू का ठेवावे?

या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतील, त्याने आपल्या घरी एकदा औषधांचा डबा उघडावा आणि ट्यूबांवरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचून दाखवावीत.